बावन्न ठोके आणि एक गोळी

बत्तीस वर्षं मी नंदेसरीच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. एकदाही काटा लाल रेषेवर जाऊ दिला नाही! त्यामुळे प्रेशर या विषयात मला कोणाची शिकवणी नको, असं माझं ठाम मत होतं. गेल्या उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, होतं.

दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं, बीपी चढलेलं निघालं, आणि डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर नावाची गोळी सुरू केली. नाडी आणि बीपी दोन्ही ताब्यात ठेवते, म्हणाले. ठेवलंही. पण अलीकडे हातपाय गार पडायचे आणि मांजलपूरच्या आमच्या सोसायटीचे दोन जिने चढताना मी म्हाताऱ्या बैलासारखा मध्येच उभा राहायचो.

शेजारच्या हार्दिकने एकदा आपलं नाडी मोजणारं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. आकडा आला बावन्न.

"वाह काका! आवी नाडी तो दोडवीरांची असते!" तो त्याच्या गुजराती-मराठीत ओरडला.

झालं! धावपटूला गोळी कशाला? मी गोळी बंद करायचं ठरवलं. अडचण एकच, कांचन. आमची ही रोज सकाळी स्वतःच्या हाताने गोळी देते आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहते. मी गोळी गालात धरायचो, पाणी प्यायचो आणि दात घासायच्या निमित्ताने ती बेसिनमध्ये सोडायचो. पहिले दोन दिवस काय हुशारी वाटली!

चौथ्या दिवशी उंधियूची भाजी आणायला आम्ही खंडेराव मार्केटात गेलो. पापडीचा भाव करता करता माझ्या छातीत कोणीतरी ढोल बडवायला घेतला. कानात ठोके, कपाळावर घाम. मग छातीवर तेच जुनं ओझं. मी रताळ्यांच्या पोत्यावर बसलो.

"अहो! अहो, काय होतंय?"

"काही नाही. गर्दी आहे."

"काकी, काकाने दवाखाने लई जाव!" भाजीवाली ओरडली आणि तिनेच रिक्षा थांबवली.

दवाखान्यात नाडी भरली एकशे चौतीस. आमचे डॉक्टर धावत आले.

"सकाळची गोळी घेतली होती?"

मी तोंड उघडायच्या आत कांचन म्हणाली, "घेतली म्हणजे काय! मी माझ्या हाताने दिली."

"एकही दिवस चुकली नाही?"

"दोन वर्षांत एकदाही नाही, डॉक्टर!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "गोळी चालू असताना इतकी नाडी? मग प्रकरण वेगळं दिसतंय. आयसीयूत घ्या. अँजिओग्राफीची तयारी ठेवा."

आता सांगावं की नाही? मी डोळे मिटून घेतले. कांचनने पुण्याला लेकीला, संयोगिताला फोन लावला. "बाळ, तू निघ. बाबांना औषधसुद्धा लागू पडत नाहीये गं." एवढं बोलून तिचा आवाज रडवेला झाला. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तो आवाज दोनदाच ऐकला होता, दोन्ही वेळा घरातलं माणूस गेल्यावर. आणि आता ती माझ्यासाठी रडत होती, मी जिवंत असताना, मी थुंकलेल्या गोळ्यांपायी.

"डॉक्टर," मी म्हणालो, "गोळी मी घेतलेली नाही. चार दिवस."

कांचनने कानावरचा फोन खाली घेतला. 

डॉक्टरांनी आधी औषध दिलं, ईसीजी पुन्हा काढला, मग खुर्ची ओढून बसले. "काका, हृदयाला या गोळीची सवय झालेली असते. ती एकदम काढली की ते उधळतं. अशात लोकांना झटका येतो. तुम्ही वाचलात, हे तुमचं नशीब. बंद का केलीत?"

मी गार हातपाय सांगितले, जिने सांगितले.

"एवढंच? मग विचारायचं ना! मी डोस हळूहळू निम्म्यावर आणला असता. तपासणीला दर तीन महिन्यांनी येता, नेहमी म्हणता, सगळं उत्तम!"

खरं होतं. डॉक्टरांसमोर थकलो म्हणायची मला लाज वाटायची.

संध्याकाळपर्यंत नाडी शहाऐंशीवर आली. कांचन शेजारी बसून होती, पण माझ्याकडे न बघता. मी म्हणालो, "रागवलीस?"  ती म्हणाली, "चार दिवस मी पेला हातात घेऊन उभी होते. मला मूर्ख बनवलंत त्याचं काही नाही. मला एकटीला टाकून गेला असतात."

 

दुसऱ्या दिवशी संयोगिता पोचली. डोळे सुजलेले, खांद्यावर पिशवी, दारातूनच विचारती झाली, "आई, बाबांना झालं तरी काय?"

कांचनने माझं पांघरूण नीट केलं.

"काही नाही गं. त्यांना डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा होता. विचारून झाला."