पस्तीस अंशांची वॉरंटी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉपचा स्क्रीन काळा पडला, तेव्हा जितेंद्रनं आधी लॅपटॉपला शिवी दिली, मग तो विकणाऱ्या दुकानदाराला आणि शेवटी स्वतःला. लॅपटॉप अजून वीस दिवसांचाही नव्हता. त्यातून ‘बिझनेस मॉडेल’! दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "दादा, हा पोरांच्या गेमचा नाही, धंदेवाल्या माणसाचा आहे. तीन वर्षं वॉरंटी. काही झालं तर इंजिनिअर तुमच्या दारात." आणि हा धंदेवाल्या माणसाचा लॅपटॉप सलग तिसऱ्या दिवशी ऐन धंद्याच्या वेळी संपावर गेला होता. आतला पंखा घुमतोय, दिवा लुकलुकतोय, स्क्रीन मात्र काळाकुट्ट. संध्याकाळी ऊन उतरलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा लख्ख.

जितेंद्र केळीचा व्यापारी. जळगावच्या बायपासला त्याचं कोल्ड स्टोरेज आणि त्याला चिकटून पत्र्याचं ऑफिस. केळी चौदा अंशांत आरामात पडलेली असत आणि मालक पत्र्याखाली कूलरसमोर घाम पुसत बसे. दुबईचे नजीरसाहेब यंदा पहिल्यांदाच त्याच्याकडून माल घेणार होते. ते रोज अडीचला व्हिडिओ कॉल करत आणि मालाचा तक्ता समोर मांडून एकेक ओळ बोलत. लॅपटॉप झोपला म्हणून मंगळवारी जितेंद्रनं मोबाइलवर कॉल घेतला. तिथं तक्त्यातले आकडे तिळाएवढे. त्यानं तेराचे अठरा वाचले आणि तेरा किलोच्या खोक्यात अठरा किलो केळी भरून द्यायला मोठ्या आनंदानं होकार दिला. बुधवारी, लॅपटॉपच्या संपाच्या तिसऱ्या दिवशी, शब्द फिरवावा लागला. नजीरसाहेब शांतपणे म्हणाले, "जितेंद्रभाई, शनिवार को आखिरी बात करेंगे. तब तक अपना सिस्टम ठीक कर लो. नहीं तो माल गुजरात से ले लेंगे."

गुजरातचं नाव निघालं आणि जितेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी सारी जिंदगी फोनवर माल इकला," त्याचे वडील चुडामणआबा खाटेवरून म्हणाले. "मले कधी पडदा लागला नाही. तुले कशाले लागतो?"

लॅपटॉप जितेंद्रनं आबांशी भांडून घेतला होता.

त्याच संध्याकाळी त्यानं कंपनीच्या नंबरवर फोन लावला. अर्धा तास सनई ऐकवल्यावर प्रियल नावाची एक मुलगी अतिशय गोड आवाजात बोलली.

"सर, आत्ता स्क्रीन दिसतोय का?"

"आत्ता दिसतोय. दुपारी दिसत नाही."

"म्हणजे आत्ता प्रॉब्लेम नाहीये?"

"अहो, आत्ता संध्याकाळ आहे!"

"ओके सर. आम्ही तुमची गैरसोय समजू शकतो."

त्यांना काही समजत नव्हतं हे उघड होतं, पण तक्रार नोंदवली गेली. ‘दुसऱ्याच दिवशी’ येतो म्हणून सांगितलेला इंजिनिअर एक दिवस उशिरा, शुक्रवारी सकाळी नऊला उगवला. जुनैद त्याचं नाव. जळगाव आणि धुळे अशा दोन जिल्ह्यांना मिळून कंपनीनं हा एवढा एकच माणूस ठेवला होता, आणि तो बिचारा पहाटेची एसटी पकडून धुळ्याहून आला होता. त्यानं लॅपटॉप उघडला. स्क्रीन आरशासारखा लखलखीत.

"भाऊ, हाई ते चांगलं चाली ऱ्हायनं," तो अहिराणीत म्हणाला.

"दोन वाजता बघा ना!"

"दोन वाजता माले अमळनेरमा काम शे. फॉल्ट दिखना नही, ते मी लिखू काय?"

शनिवार उद्यावर आला होता. जितेंद्रनं जास्त वाद घातला नाही. घरी फोन करून त्यानं वरण-बट्टीचा बेत सांगितला आणि जेवल्याशिवाय कोणाला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही असं जुनैदला बजावलं. बट्टी काही घाईनं होत नाही. ती होईपर्यंत साडेबारा वाजले. तूप ओतलेल्या चार बट्ट्या आणि वर वांग्याची भाजी पोटात गेल्यावर अमळनेरचं नाव जुनैदनंच काढलं नाही. तो भिंतीला टेकून पेंगू लागला.

दोन वाजून दहा मिनिटांनी स्क्रीन काळा पडला. जितेंद्रनं टाळ्या वाजवल्या. नवी वस्तू बिघडल्याचा इतका आनंद खानदेशात आजवर कोणाला झाला नसेल.

"पडला! पडला! उठा, फोटो काढा!"

जुनैदनं डोळे चोळत फोटो काढला. मग पिशवीतून एक छोटा थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला. काटा त्रेचाळीसवर गेला.

"भाऊ, काम बिघडनं. कंपनीना नियम शे. पाचपासून पस्तीस अंशलगून वॉरंटी. त्यानावर नही. फोटोमा खोलीनं तापमान दिखनं पाहिजे."

जितेंद्रचा पारा त्रेचाळीसच्याही वर गेला.

"अहो, जळगावात मे महिन्यात दिवसा पस्तीसच्या खाली येतं कधी? तीन वर्षांची वॉरंटी म्हणे! हिवाळ्याची वॉरंटी आहे असं बोर्डावर लिहा की! उन्हाळ्यात आम्ही धंदा करायचा नाही का? आमच्याकडून पैसे घेताना कोणी थर्मामीटर काढला होता का?"

"भाऊ, मी कोठे इकस? मी ते फक्त फोटो काढस."

तेही खरंच होतं. मग पस्तीसच्या खाली फॉल्ट दाखवायचा असं ठरलं, आणि तेवढी गार जागा अख्ख्या बायपासवर एकच होती. जुनैदनं सवयीप्रमाणे लॅपटॉप बंद केला, जरा गार व्हऊ द्या म्हणाला, आणि थर्मामीटर घेऊन दोघं कोल्ड स्टोरेजमध्ये केळ्यांच्या खोक्यांवर जाऊन बसले. जुनैदच्या अंगावर गोणपाट, जितेंद्रच्या अंगावर हिवाळ्यातला स्वेटर. अर्ध्या तासानं लॅपटॉप चालू केला. स्क्रीन लख्ख! गारठलेल्या बोटांनी जुनैदनं अहवालात लिहायला घेतलं, ‘फॉल्ट आढळला नाही.’

म्हणजे गारव्यात बसा तर बिघाड नाही, आणि बिघाड दाखवा तर वॉरंटी नाही. हा नियम ज्यानं कोणी लिहिला, त्याला मेमध्ये दुपारी दोन वाजता जळगावच्या स्टँडवर अनवाणी उभं केलं पाहिजे. जितेंद्रनं तिथूनच, दात वाजत असताना, पुन्हा फोन लावला. नशिबानं प्रियलच होती.

"सर, तुम्ही लॅपटॉप पस्तीस अंशांच्या खाली वापरा ना."

"बाई, पस्तीसच्या खाली आमच्याकडे फक्त केळी राहतात! तुमच्याकडे किती आहे?"

"बावीस, सर. आज जरा गरमच होतंय."

जितेंद्रनं फोन ठेवला.

एवढा वेळ दारात उभे राहून ऐकणारे आबा आत आले. "काय रे, ते मशीन तापल्यावरच आंधळं होतं ना? मंग तापलेलंच आत आना ना. गार करून कशाले आनलं?"

"आबा, आत चौदा अंश आहेत."

"हवा चौदा. वावरातून आलेलं केळं आपन इथं टाकतो, ते लगेच गार होतं का? सालीखाली किती तरी वेळ ऊन राह्यतं. चाळीस वर्सं हेच पाह्यलं मी."

जुनैदनं लिहिणं थांबवलं. नियम त्याला पाठ होता. खोली किती गार हवी ते नियमात होतं. मशीन किती तापलेलं असावं याबद्दल अवाक्षर नव्हतं.

थर्मामीटर आतच राहिला. लॅपटॉप बाहेर उन्हात लोखंडी पेटीवर चालू करून ठेवला, आणि दहाव्या मिनिटाला त्यानं मान टाकली. जितेंद्रनं तो दोन्ही हातांवर उचलला आणि पळत सुटला. आबांनी जाड दार ओढून धरलं, जुनैदनं आत शिरताशिरता मोबाइल रोखला. फोटोत सगळं आलं: काळा स्क्रीन, शेजारी चौदावर थरथरणारा काटा आणि मागं केळ्यांची थप्पी.

कंपनी हादरली. तासाभरात प्रियलचाच फोन आला. "सर, तुमचा नवा स्क्रीन मंजूर झालाय. आठ दिवसांत बसवून मिळेल. तोपर्यंत प्लीज लॅपटॉप थंडीत वापरू नका. शक्यतो उबदार जागी ठेवा."

जितेंद्रनं आभार मानले. पण आठ दिवस कोणाला होते? नजीरसाहेबांचा कॉल उद्यावर होता. शनिवारी दुपारी तो मुकाट्यानं स्वेटर चढवून, कानाला मफलर गुंडाळून कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन बसला. अडीचला नजीरसाहेब दिसले. तक्ताही दिसला, तेराचे तेरा अगदी ठसठशीत. नजीरसाहेब मात्र तक्त्याऐवजी त्याच्याकडेच बघत राहिले.

"आप खुद अंदर बैठते हैं? कोल्ड स्टोरेज का फोटो तो सब भेजते हैं, भाई. मालिक को अंदर बैठा हुआ पहली बार देखा."

सौदा पक्का झाला. आबांनी बाहेर सगळ्यांना पेढे वाटले, आणि बातमी त्यांनी फोनवरूनच गावभर केली.

आठाचे अकरा दिवस लावून स्क्रीन आला. जुनैदनं तो दुपारी बसवला. दोन दहा झाले, सव्वादोन झाले. पत्रा तापून कडकड वाजत होता आणि स्क्रीन काळा पडायचं नाव घेत नव्हता. जितेंद्रला अगदी भरून आलं. एवढं भांडून मिळवलेली वस्तू अखेर स्वतःच्या ऑफिसात, स्वतःच्या खुर्चीवर, शर्टाची दोन बटणं उघडी टाकून वापरायला मिळाली होती. अडीच वाजता त्यानं रुबाबात कॉल घेतला.

नजीरसाहेबांचा चेहरा उतरला. "जितेंद्रभाई, आज बाहर? कोल्ड स्टोरेज बंद है क्या? मेरा माल तो ठीक है ना?"

"नहीं, नहीं साहब! बस, अंदर ही जा रहा था."

त्यानं आवाज बंद केला आणि पत्र्याकडे बघून ओरडला, "याच्यासाठी भांडलो का मी त्या कंपनीशी?"

जुनैद खाली मान घालून पेचकस आवरत होता. "भाऊ, रागे भरू नका. आते तुम्ही बराबर वॉरंटीमा बठशात."

जितेंद्रनं खुंटीवरचा स्वेटर काढला, मफलर गुंडाळला आणि लॅपटॉप काखेत मारून तो निघाला. आबांनी त्याच्यासाठी दार उघडूनच धरलं होतं.