‘मले’ सोडण्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम

अभिनय ही ईश्वरी देणगी आहे, यावर ज्यांना ती मिळालेली नाही अशा सर्वांचे एकमत आहे. ज्यांना ती मिळाली आहे, ते मात्र अभिनय ही कष्टसाध्य विद्या असल्याचे सांगतात आणि वर्ग काढतात.

असा एक वर्ग १९७१ च्या जूनमध्ये नागपुरात, महाल भागातल्या एका शाळेच्या मागच्या खोलीत निघाला. संस्थेचे नाव ‘नाट्यसंस्कार प्रशिक्षण मंदिर’. संस्थापक, प्राचार्य, शिक्षक आणि परीक्षक मधुकरराव. ते बदलीवर पुण्याहून आले होते आणि तिथल्या रंगभूमीवर अकरा वर्षे होते. (नऊ वर्षे भालेदार, दोन वर्षे पडद्यामागून घोड्यांच्या टापा.) ही माहिती नागपुरात त्यांना कोणी विचारली नाही, आणि न विचारलेले सांगण्याची पद्धत पुण्यात नाही.

प्रवेशअर्ज एका पानाचा होता. त्यात चार प्रश्न होते: उमेदवाराचे नाव काय, उंची किती, उमेदवार घरी कोणती भाषा बोलतो, ती कधीपासून सोडणार.

चंद्रभान नंदनवार याने चौथ्या प्रश्नापुढे ‘आजपासून’ असे लिहिले. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसत होता. घर गोळीबार चौकाच्या बाजूला. घरात हातमाग होता, तो त्याचा थोरला भाऊ चालवी. आई भीमाबाई दाराशी बसून कांड्या भरी. नट व्हायचे हे चंद्रभानने दहाव्या वर्षीच ठरवले होते. शेजारच्या मंडळाच्या नाटकात त्याने सोंडेसह गणपती केला होता, आणि समोर बसलेल्या भीमाबाईने स्वतःच्या पोराला हात जोडले होते. तसे हात पुन्हा एकदा जोडले जावेत, निदान समोरच्या माणसाला आपण क्षणभर खरे वाटावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. वर्गात नाव घातल्यापासूनची बारा वर्षे त्याची याच कामात गेली.

मधुकररावांचा सिद्धान्त सोपा होता. दिवाळीत घर झाडले की लक्ष्मी येते, तशी वाणी झाडली की अभिनय येतो. त्यासाठी अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी ‘ले’ घालवणे, म्हणजे ‘मले, तुले, त्याले’च्या जागी ‘मला, तुला, त्याला’ बसवणे. दुसऱ्या वर्षी ‘राहणे’ घालवणे. नागपूरचा माणूस जेवत नाही, जेवून राहतो. झोपत नाही, झोपून राहतो. मधुकररावांनी पहिल्याच तासाला विचारले, “एखादा मनुष्य ‘मी मरून राहिलो’ असे म्हणाला, तर तो जिवंत आहे की मेलेला?” वर्गाने एकमुखाने सांगितले, “मरून राहिला, सर.” मधुकररावांनी डोळे मिटले. हा त्यांचा नागपुरातला पहिला अभिनय, आणि तो चांगला झाला. तिसरे वर्ष ‘काहून’, ‘गा’ आणि ‘वं’ यांच्यासाठी राखून ठेवले होते. अभिनयाला वेळ उरल्यास तोही तिसऱ्या वर्षीच घ्यायचा होता.

पहिल्या वर्षी त्रेचाळीस विद्यार्थी होते. दुसऱ्या वर्षी सतरा. गळालेल्या सव्वीस जणांपैकी अकरा जण ‘ळ’वर गळाले. (डोळ्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘डोया’ म्हणणाऱ्यांना हे अक्षर चाळिशीच्या चष्म्यासारखे लागते, आधी काहीच नीट दिसत नाही.) चंद्रभान गळणाऱ्यांतला नव्हता. तो कार्यालयात पत्रांवर शिक्के मारताना ‘मला-तुला’ म्हणे आणि सायकलवर ‘करत आहे, जात आहे’ म्हणे. घरी तर तो बोलण्याआधी थांबे, वाक्य मनात इस्त्री करी आणि मग बाहेर काढी.

याचा परिणाम घरावर झाला. त्या घरात शुद्ध मराठी आजवर तिघांच्याच तोंडून आली होती: जनगणनेवाला, देवीच्या लशीवाला आणि रेडिओवर बातम्या देणारा. तिघांपैकी कोणीही बोलू लागले की भीमाबाई डोक्यावरून पदर घेई. एका संध्याकाळी चंद्रभान दारात येऊन म्हणाला, “आई, मला भूक लागली आहे.” भीमाबाईने पदर घेतला.

मग नीट पाहिले. “काहून गा बाबू, नाराज आहे का माह्यावर?”

“मी नाराज नाही. मी सराव करत आहे.”

“कायचा?”

“बोलण्याचा.”

“मंग एवढे दिवस तू काय करून राह्यला होता?”

याचे उत्तर अभ्यासक्रमात नव्हते. त्याची बायको जया स्वयंपाकघरातून सासूला म्हणाली, “बोलू द्या नं बुवा, मामीजी. मले त तीन महिन्यांपासून वाटून राह्यलं का मी ऑफिसात नांदून राह्यली.”

भीमाबाईने त्याला वाढले. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी कमी बोलू लागली, आणि बोललीच तर ‘तुम्ही’ म्हणू लागली. चंद्रभानने ही प्रगती वहीत नोंदवली.

१९७४ मध्ये निकाल लागला. त्रेचाळीसपैकी चार उत्तीर्ण. चंद्रभान पहिला. प्रमाणपत्रावर शेरा होता: ‘वाणी निर्दोष. अभिनय यथावकाश.’

यथावकाश दोन वर्षांनी आला. मुंबईची एक चित्रपट कंपनी नागपूरजवळ कुहीच्या बाजूच्या एका गावात धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, तळ ठोकून बसली. तिला कोतवालाच्या भूमिकेसाठी ‘अस्सल वऱ्हाडी बोलणारा स्थानिक कलावंत’ हवा होता. भूमिका नऊ वाक्यांची. एकसष्ट उमेदवार आले. नागपुरात तोपर्यंत असे पाच वर्ग निघाले होते, त्यामुळे एकसष्टही जण स्वच्छ, स्पष्ट आणि सदाशिव पेठेत चालेल असे बोलले.

दिग्दर्शक हताश झाला. “या मुलखात कोणी इथला माणूस नाही का?” त्याने विचारले. तेव्हा गावातला खराखुरा माणूस म्हणून नत्थूजी नावाच्या म्हशीवाल्याला बांधावरून बोलावून आणले. नत्थूजीने कॅमेरा पाहिला, तो जमीन मोजणीचा समजला, हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, मला याबाबत काहीही माहिती नाही.” इतके शुद्ध वाक्य त्या दिवशी कोणी बोलले नव्हते. (सरकारपुढे विदर्भातला कोणताही माणूस असेच बोलतो. मधुकररावांना ज्यासाठी तीन वर्षे लागत, ते तलाठी एका भेटीत करतो.)

चंद्रभानचा क्रमांक सत्तावन्नावा होता. वाक्य होते: ‘साहेब, काहून मारून राहिले मले?’ असे वाक्य त्याने वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत किमान शंभरदा ऐकले असेल, काही वेळा स्वतः उच्चारलेही असेल. त्याने तोंड उघडले. जीभ ‘मले’कडे निघाली, वाटेत तिला मधुकरराव भेटले.

“साहेब, आपण मला का बरे मारत आहात?”

“छान,” दिग्दर्शक म्हणाला. “तुम्ही पुण्याचे का?”

तीन वर्षांपूर्वी या प्रश्नाने तो धन्य झाला असता. आता तो बांधावर जाऊन बसला आणि पुटपुटत राहिला, “मले. मले. मले.” लांबून तो देवाचे नाव घेतोय असे वाटत होते. पण कॅमेऱ्यासमोर गेल्यावर ‘ला’ येई. साप पेटीत घालता येतो, पुन्हा बिळात घालता येत नाही.

शेवटी कोतवालाची भूमिका मुंबईच्या रविंद्र नावाच्या नटाला मिळाली आणि चंद्रभानला ‘भाषा-सल्लागार’ म्हणून बारा दिवस ठेवून घेतले. या बारा दिवसांसाठी त्याने कार्यालयात कावीळ झाल्याचे कळवले. (साहेबांनी अर्ज वाचून हळहळ व्यक्त केली. चंद्रभानचा हा पहिला यशस्वी प्रयोग. पण तो लेखी होता.)

रविंद्रची पद्धत शास्त्रीय होती. प्रत्येक शब्दाला ‘ले’ लावायचा, वाक्याच्या शेवटी ‘बाप्पा’ म्हणायचे आणि मध्ये जागा राहिली तर ‘वं’ टाकायचा. पहिल्याच दृश्यात तो गावच्या पाटलाला म्हणाला, “तुमीले कुठीले जाऊन राहिलेले वं बाप्पा?”

चंद्रभानने अदबीने सांगितले, “क्षमा करा, पण ‘वं’ हे फक्त बाईला म्हणतात. पुरुषाला ‘गा’ म्हणतात.”

रविंद्र विचार करून म्हणाला, “तुमचं बरोबर असेल हो. पण ते वऱ्हाडी वाटत नाही.”

“मी इथलाच आहे.”

“असाल. पण तुमचं बोलणं पुणेरी आहे, तुम्हाला यातलं कसं कळणार?”

या युक्तिवादात चूक कुठे आहे ते चंद्रभानला त्या दिवशी सापडले नाही. नंतरही सापडले नाही.

चित्रपट राज्यभर चालला. कोतवाल घराघरात पोहोचला. मुंबई-पुण्याच्या नाटककारांना विदर्भाचा शोध लागला आणि दर तीन अंकांत एक नागपूरचा गडी येऊ लागला. तेव्हा चंद्रभानने आयुष्यात दुसऱ्यांदा भाषा शिकायला घेतली. तो चित्रपट त्याने चौदा वेळा पाहिला. अंधारात वहीत वाक्ये उतरवली. घरी कांड्यांच्या आवाजात तो ती घोकू लागला: “मायले, मीले जेवले.”

भीमाबाई कांडी थांबवून म्हणाली, “आता हे कोणच्या मुलखाचं होय गा? याच्यापेक्षा पयलं बरं होतं. थे समजत त होतं.”

१९७८ मध्ये मुंबईच्या एका नाटक कंपनीने त्याला घेतले. एका विनोदी नाटकात नागपूरच्या नोकराचे काम. नोकर पडतो, मार खातो, दुसऱ्या अंकात मालक त्याला कोठीघरात कोंडतो, आणि तो ‘ले’ लावून रडतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. एका जाणत्या समीक्षकाने लिहिले: ‘नंदनवार यांच्या बोलीला विदर्भाच्या मातीचा अस्सल गंध आहे.’ चंद्रभानने नोकरी सोडली. करिअरची सुरुवात कशी करावी असे कोणी विचारले की तो प्रामाणिकपणे सांगे: आधी आपली भाषा विसरावी, मग ती परक्याकडून शिकावी.

मधुकररावांनीही काळाची पावले ओळखली. माहितीपत्रकात चंद्रभानचा फोटो छापून त्यांनी नवा सहामाही अभ्यासक्रम सुरू केला, ‘वऱ्हाडी (प्रमाण)’. प्रवेशाची अट एकच: उमेदवार वऱ्हाडी नसावा, त्याने उच्चार बिघडतात.

नाटकाचा तीनशे तेरावा प्रयोग नागपुरात लागला. १९८३ चा मे महिना, रविवार, दुपारचे चार. भीमाबाईला जया घेऊन आली आणि तिसऱ्या रांगेत बसवले. पोराला रंगमंचावर पाहायची तिची ही गणपतीनंतरची दुसरी वेळ. पहिला अंक सुरू झाला. मध्ये एकदा तिने जयाला विचारले, “आपला चंद्रभान कधी येऊन राह्यला?” जया म्हणाली, “थोच त हाय, मामीजी. मार खाऊन राह्यला थो.”

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला पंखे बंद पडले. नागपूरचा मे आत शिरला. कोठीघराच्या रंगवलेल्या खिडकीतून चंद्रभानचे डोके बाहेर आले. तिथे त्याचे ठरलेले वाक्य होते: “मायले, मीले तहानले लागून राहिलीले वं बाप्पा.” तीनशे बारा प्रयोगांत या वाक्याला हमखास हशा होता. पण चंद्रभानचा घसा खरोखर कोरडा पडला होता, आणि कोरड्या घशाला पाठांतर राहत नाही. त्याच्या तोंडून एवढेच निघाले:

“माय वं. मले तहान लागली. पानी दे.”

हशा ठरल्याप्रमाणे झाला. किंबहुना थोडा जास्तच. शेजारच्या माणसाला कोपर मारून “काय अस्सल करतो बघा” असे म्हणणारे किमान चार जण होते.

तेवढ्यात भीमाबाई उठली. पायाशी ठेवलेला फिरकीचा तांब्या तिने घेतला, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढली, बाजूच्या पायऱ्या चढून ती रंगमंचावर गेली आणि खिडकीपाशी उभी राहून झाकण फिरवू लागली.

“घे बाबू,” ती म्हणाली. “एवढ्या वेळचा काहून नाही सांगतलं गा?”

तीनशे तेरा प्रयोगांतला सर्वांत मोठा हशा तो. चंद्रभानने खिडकीतून हात काढला आणि सगळा तांब्या उभ्याने प्याला. प्यायल्यावर तो आईला काहीतरी म्हणाला. हशात ते कोणालाच ऐकू गेले नाही, पण भीमाबाईने मान हलवली, म्हणजे तिला ते समजले असावे. पुढचे वाक्य त्याला आठवेना. व्यवस्थापकाने पडदा पाडला.

तिकीटविक्रीच्या नोंदीनुसार त्या दिवशी सभागृहात सहाशे अकरा प्रेक्षक होते. अभिनय म्हणजे समोरच्याला खरे वाटायला लावणे, ही व्याख्या मानली तर चंद्रभान नंदनवारचा अभिनय त्या दुपारी एकीच्या बाबतीत साधला. उरलेले सहाशे दहा जण हसत होते. त्यांना दोष देता येत नाही. ते विनोदी नाटकाला आले होते. वाचकांनाही देता येत नाही. तेही उपरोधिक कथा म्हणूनच वाचत होते. त्यांनी फक्त सवडीने पुन्हा एकदा वर जावे आणि या मजकुरात कोणकोण बोलू लागले की आपल्याला हसू आले, ते मोजून पाहावे.

पाणी घेऊन उठलेल्यांची संख्या अद्याप एकच आहे.