संयोगिता हळू बोलली

संयोगिता फोनवर हळू बोलली आणि कळंब्याच्या चौगुले घरात गॅसवरचं दूध उतू गेलं.

दुधाचं कुणाला काही वाटलं नाही. दारात म्हशी होत्या, दूध हवं तेवढं होतं. पण हळू बोलणं त्या घरात यापूर्वी घडलेलं नव्हतं. बाळासो चौगुल्यांचं कोल्हापुरात शाहूपुरीत जनावरांच्या पेंडीचं दुकान होतं, घर कळंब्यात होतं, आणि दोन्हीकडे आवाज एकच होता. इतर ठिकाणी ज्या आवाजात ट्रक थांबवतात, त्या आवाजात हे कुटुंब जेवताना मीठ मागत असे. संयोगिता ही त्यांची एकुलती एक लेक. ती संध्याकाळी गच्चीवरून "आबाऽऽ, च्याऽऽ!" अशी हाक मारायची, तेव्हा गोठ्यातले बाळासो तर यायचेच, पण आसपासच्या चार घरांतही चहाचं आधण चढायचं.

अशी ही मुलगी बी.एड. करता करता सराव पाठांसाठी फिनलंडला गेली. कॉलेजचा तिकडच्या एका शाळेशी काहीतरी करार झाला होता, आणि मुलाखतीत तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत सहज पोचला, म्हणून तिची निवड झाली. तिला जाऊन दीड महिना झाला होता. बाळासो अजूनही चहाच्या वेळेला गोठ्यातून बाहेर येऊन गच्चीकडे बघत उभे राहत. कुणी विचारलं तर "टाकी भरली काय बघतोय," म्हणत. टाकी मागच्या बाजूला होती. पण हे त्यांना सांगायला कुणी गेलं नाही.

"काय म्हणाली ती?" आक्का, म्हणजे बाळासोंची थोरली बहीण, सोफ्यावर उठून बसल्या.

"म्हणाली, आबा, जेवलात का?"

"जेवलात?"

"व्हय. जेवलासा काय न्हाई. जेवलात का."

आक्कांनी कपाळाला हात लावला. बाळासोंच्या बायकोनं, वर्षाराणींनी, ओट्यावरचं दूध पुसता पुसता आणखी एक भर घातली. "आन् मला म्हणाली, मी जेवले. आमची लेक आयुष्यात कवा जेवले म्हणाली न्हाई. मी जेवलो म्हणती. कुणीतरी पढवल्यागत बोलत हुती, अवो."

"दृष्ट लागली," आक्का म्हणाल्या.

"उपाशी आसंल," वर्षाराणी म्हणाल्या.

बाळासो उठले. ते टाकी बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानात केरबा आला. केरबा हा बाळासोंचा शाळेपासूनचा मित्र आणि आता समोरच राहणारा शेजारी. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका बघून बघून त्याची नजर इतकी तयार झाली होती, की गल्लीत कुणी नवी गाडी घेतली तरी तो आधी नंबर लिहून ठेवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पेंडीच्या पोत्यावर मांडी घातली आणि निकाल दिला.

"बाळासो, तिच्या शेजारी कोण तर बसलंय."

"कोण?"

"ते कळालं आसतं तर मी हितं पेंडीवर बसलो आसतो काय, मर्दा? दबून बोलतीया म्हंजे दाबलंय कुणीतरी. आता तिला सरळ इचारायचं न्हाई. खुणंचा शब्द ठरवायचा. ऐकणाऱ्याला संशय येणार न्हाई आसा."

दोघांनी बराच विचार केला. शेवटी बाळासोंनी फोन तोंडापाशी धरला आणि आवाजी निरोप पाठवला. "संयोगिताऽऽ! तुला तितं काय तरास आसंल, तर पुढच्या फोनवर चंद्रीची चौकशी कर! बाकी कायबी बोलू नगंस! आमी समजून घेतो!" हा गुप्त निरोप समोरच्या चपलांच्या दुकानातल्या तीन गिऱ्हाइकांनीही ऐकला.

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. फिनलंडमधल्या कुणालाही एका म्हशीच्या चौकशीत वावगं वाटणार नाही, हा केरबाचा मुद्दा बिनतोड होता. संयोगिता तिकडे गेली त्या दिवसापासून प्रत्येक फोनवर आधी चंद्रीचंच विचारते, हे मात्र त्या वेळी बाळासोंच्या ध्यानात आलं नाही. घरात त्याला कुणी चौकशी म्हणतच नव्हतं. ते तिचं 'हॅलो' होतं.

आणि निरोप तिनं ऐकलाच नाही. आबांचे निरोप ती खोलीत ऐकत नसे, कारण एकदा ऐकल्यावर शेजारच्या खोलीतली मुलगी मदतीला धावून आली होती. तेव्हापासून ती ते निरोप मोकळ्या मैदानात जाऊन ऐकायची. त्या दिवशी मैदानात गुडघाभर बर्फ होतं.

संध्याकाळी फोन वाजला. घरातले सगळे आणि केरबा भोवती गोळा झाले. पलीकडून, साखर मोजून घातल्यासारखा, हळुवार आवाज आला. "आबा, चंद्री कशी आहे?"

वर्षाराणी मटकन खाली बसल्या. केरबानं ओठावर बोट ठेवून 'काय दाखवू नगंस' अशी खूण केली. "बरी हाय," बाळासो कसेबसे म्हणाले. "तू... तू घाबरू नगंस."

"मी कशाला घाबरू? उद्या शेवटचा पाठ आहे. ठेवते हं."

"शेवटचा म्हणाली," आक्का पुटपुटल्या, आणि मग कुणालाच जेवण गेलं नाही.

बाळासो सकाळी दुकानात गेले नाहीत. पोलिसांत जायचं तर कुठल्या, हा प्रश्न होता. कळंब्यापासून फिनलंडची हद्द कुणाकडे येते हे केरबालाही ठाऊक नव्हतं. शेवटी इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याला, ऋतुराजला, बोलावलं. तो म्हणाला, "काका, व्हिडिओ कॉल करूया की. बघूया तरी कोण बसलंय शेजारी."

दुपारी कॉल लावला. तिकडे त्या वेळी संयोगिताचा मार्कांचा पाठ सुरू होता. विषय 'माझं गाव'. फोन वर्गातल्या भिंतीएवढ्या पडद्याला जोडलेला आणि पडद्यावर चंद्रीचा फोटो. मागच्या बाकावर निरीक्षक बाई वही उघडून बसलेल्या. अशात चंद्रीच्या तोंडावर बाळासोंचं नाव नाचू लागलं. संयोगितानं घाईघाईनं कॉल तोडायला बोट लावलं, आणि घाईत बोट लागलं ते कॉल घ्यायच्या बटणावर. चंद्री गेली. तिच्या जागी भिंतभर बाळासो, वर्षाराणी, आक्का आणि केरबा आले.

कळंब्यात दिसलं ते असं: वीस-पंचवीस गोरी मुलं, हाताची घडी, तोंडातून अवाक्षर नाही, आणि पायात नुसते मोजे.

"चपला न्हाईत गं लेकरांच्या पायात," आक्का कळवळल्या. "किती गरिबी ती!" तिकडे बूट वर्गाबाहेर काढून ठेवतात, हे त्यांना कोण सांगणार?

"पोरंबी धरून ठेवल्यात!" केरबा ओरडला.

बाळासोंनी मुलं पाहिली नाहीत, मोजे पाहिले नाहीत. त्यांना एका कोपऱ्यात आपली लेक दिसली. ती वाळली होती. दीड महिन्याचं सगळं छातीत गोळा झालं आणि त्यांनी हाक मारली.

"संयोगिताऽऽऽ!"

जन्मापासूनची सवय. विचार करायच्या आत तिकडून उत्तर आलं.

"ओऽऽ आबाऽऽऽ!" आणि लगेच, "डोस्कं फिरलंय काय सगळ्यांचं? पाठ चाललाय की माझाऽऽ! ठेवा आधी फोनऽऽ!"

फोन बंद झाला. घरात आनंदीआनंद झाला. वर्षाराणींनी डोळ्याला पदर लावला. "बरी हाय गं माझी लेक! कसली खेकसली!" आक्कांनी दृष्ट उतरल्याचं जाहीर केलं. केरबानं शेजारी कुणी बसलेलं नव्हतं हे नीट पाहून घेतलं आणि तो थोडा हिरमुसला.

"काका," ऋतुराज हळूच म्हणाला, "पाठ चाललाय म्हणाली न्हवं? मार्काचा आसंल."

एवढ्या लांब पोरगी ज्याच्यासाठी गेली, ती गोष्ट आपण एका हाकेत मोडली, हे बाळासोंना तेव्हा समजलं. ते गोठ्यात जाऊन बसले. धारा काढायची वेळ झाली, धारा काढून झाल्या, तरी ते फोन मांडीवर घेऊन तिथंच होते. वर्षाराणी दोनदा येऊन गेल्या. दोनदा त्यांनी "हूं" म्हटलं.

फोन आला तो त्या गोठ्यातच.

"आबाऽऽ! काय मांडलाय काय तुमी?" आवाज जुनाच होता. बाळासोंनी फोन कानापासून वीतभर लांब धरला आणि त्यांना फार बरं वाटलं.

"चुकलं बाळा. नापास केली काय तुला?"

"ऐका तरी! पहिल्या दिवशी वर्गात मी गुड मॉर्निंग म्हणालो, तर पुढच्या बाकावरच्या पोरीनं कानांवर हात ठेवलं. बाई म्हणाल्या, जरा हळू. तवापास्नं मी हळूचा सराव करत हुतो. आदी खोलीत, मग बसमधी, आन् ह्या आठवड्यात फोनवरबी. एवढा केला की मागच्या बाकाला काय ऐकूच जाईना. आज तुमी हाक मारलासा, मी ओ दिली, आन् सगळी पोरं बाकावर उभी! पुन्हा कर म्हणाली! बाईंनी समद्यांना बाहेर बर्फात न्हेलं. ह्या टोकाला मी, त्या टोकाला पोरं. एवढी एवढीशी पोरं, आबा, पोट आत वडून हाका मारतात! जी कानांवर हात ठेवणारी पोरगी हाय न्हवं, तिचा आवाज सगळ्यात लांब गेला. बाई म्हणाल्या, मी तुला हळू म्हणालो हुतो, बंद हो न्हवतं म्हणालो."

फिनलंडच्या बाईही आता कोल्हापुरीत बोलत होत्या. बाळासो खूप दिवसांनी हसले.

"म्हंजे पास?"

"पास की. पण आबा..." ती थांबली. "शाळा म्हणतीया, वर्ष संपूस्तोवर ऱ्हा. मदतनीस शिक्षिका म्हणून. जूनपातूर. उद्या सांगायचंय."

बाळासोंच्या हातातला फोन एकदम जड झाला. ती पुढच्या आठवड्यात येणार होती. तिला आणायला गाडी ठरवून झाली होती. तिची खोली रंगवून झाली होती. रंग वर्षाराणींना आवडला नव्हता, त्यावर भांडणही होऊन गेलं होतं.

"मी न्हाई म्हणून सांगतो," संयोगिता म्हणाली. "तुमी तिकडं एवढं घाबरलासा. मलाबी लई आठवण येती. काय म्हणतासा?"

काही म्हणायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसलं असतं तरी मुलगी आठवड्यात दारात आली असती. पण बर्फातल्या पोरांचं सांगताना तिचा श्वास कसा धावत होता, ते बाळासोंनी ऐकलं होतं. आणि ही सगळी करामत आपल्याच हाकेची. त्यांनी 'राहा' म्हणायला तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आला आणि तिथंच भिजला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. हळू बोलायला फार ताकद लागते, हे त्यांना पहिल्यांदाच समजत होतं. तेवढी त्यांच्याकडे नव्हती. मग त्यांनी उभं राहून छाती भरून घेतली.

"ऱ्हा कीऽऽऽ! कोण न्हाई म्हणतंयऽऽ? जूनपातूर ऱ्हाऽऽऽ!"

म्हशी उठून उभ्या राहिल्या. समोरून केरबा एक चप्पल पायात, एक हातात, असा धावत आला.

"काय झालं, बाळासो? कुणासंगं भांडण?"

बाळासोंनी गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"भांडण न्हाई, मर्दा," ते म्हणाले. "परवानगी दिली."