जावयांना परवानगी

साल २००३ होतं की २००४, याची मला आता खात्री नाही. (वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. केल्याने स्मरणशक्ती वाढत नाही; असलेली जाते.) मी निवृत्त झालो होतो, पण चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर मला एक कोपरा दिला होता. तिथे अन्नपूर्णेने, म्हणजे आमच्या सौ.ने, काढलेले रानभाज्यांचे फोटो ठेवायचे, एवढंच मी ठरवलं.

फोटोंना कुणाचा हात लागू नये म्हणून कॉम्प्युटर विभागातल्या सरफराजला विचारलं.

"सोपं आहे, सर. ग्रुप बनवा. ज्याचं नाव ग्रुपमधी, त्यालेच फोल्डर उघडते. बाकीच्याईले कुलूप."

मी घरी नावं लिहायला बसलो. अन्नपूर्णा मागे उभी.

"लोकेशरावाचं नाव कुठी आहे?"

"ते तिकडे गडचिरोलीपलीकडे, धानोऱ्याला. त्यांना कशाला?"

"जावई सोडून आवतन देते का कोणी? मागं बारशाले फोन राह्यला, तं केवढे रुसले होते!"

मग जावई आले. जावई आले म्हणून लेक दीपाली आली, जावयांचा भाऊ मुखरू आला, बुधरीमावशी आल्या (त्यांना वाचता येत नाही, पण मान मोठा). लग्नाच्या आवतणासारखी सगळी नावं मी सरफराजला फोनवर सांगितली.

दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडायला गेलो. पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही.

मी धानोऱ्याला फोन लावला.

"लोकेशराव, तुम्हाला फोटो दिसतात?"

"दिसतेत ना, बाबा! झकास आहेत. आईले सांगा."

"मग मला का दिसत नाहीत?"

"आता मले काय मालूम?"

"तुम्हीच मला बाहेर काढलंत!"

"मी काऊन काढू? काहीही बोलून राह्यले तुमी!"

"तुम्हाला आत घेतलं हीच चूक झाली." (शिकलेला माणूस तोल गेला तरी वाक्य शुद्ध बोलतो.)

फोन आपटल्याचा आवाज आला.

संध्याकाळी सरफराज हळूच म्हणाला, "सर, समदे आहेत ग्रुपमधी. तुमचंच नाव नाई."

यजमान स्वतःला आवतण देतो का? मी माझं नाव घातलं, फोल्डर उघडलं. धानोऱ्याचं दार मात्र मिटलं ते मिटलंच. माफी मागायला बसने गेलो. जावयांनी चहा दिला आणि एवढंच विचारलं, "परवानगी घेऊन आले का, बाबा?" त्या दिवाळीला दीपाली आली नाही, पुढच्याही नाही. अन्नपूर्णा गेली तेव्हा आली, आणि तेरवी होताच परतली.

फार वर्षांनी मी दीपालीला भीत भीत विचारलं, लोकेशरावांना ते फोटो खरंच आवडले होते का?

"कोणते फोटू, बाबा? आमच्या घरी तवा कॉम्प्युटर कुठी होता? आईले वाईट वाटू नये म्हणून ते 'दिसतेत' म्हणाले."

मी गडचिरोलीच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराकडे चौकशी करून खात्री करून घेतली. (जावयाच्या शब्दावर कसं राहायचं?) खरं आहे. लोकेशरावांनी पहिला कॉम्प्युटर २००९ साली घेतला.