चेअरमन काय बोलले?

एरंडोलच्या शालिग्राम सरांच्या घरात मिक्सर लावायला बंदी आली, आणि त्याला कारण झाला कॅमेरा. हा डिजिटल कॅमेरा सरांनी स्वतःच्या निरोप समारंभासाठी स्वतःच घेतला होता. शाळा शाल-नारळ देणार, कुणीतरी मोबाईलवर चार फोटो काढणार आणि ते पाठवायला विसरणार, हे त्यांना इतक्या वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. म्हणून जळगावहून कॅमेरा आणला, स्टँडवर चढवून बायकांच्या खुर्च्यांशेजारी उभा केला, चालू केला आणि आपण हार घालून घ्यायला स्टेजवर जाऊन बसले.

समारंभ छान झाला. घोळ फक्त शेवटी झाला. संस्थेचे चेअरमन बोलायला उभे राहिले आणि माइकने जो गळा काढला तो काही केल्या थांबेना. त्या 'कुईं'मध्येच चेअरमन सरांच्या दिशेने हात करून काहीतरी म्हणाले आणि सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. सरांसाठी जन्मात कधी एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या, आणि त्या कशाबद्दल पडल्या तेच त्यांना ऐकू आलं नाही. नंतर ज्याला विचारावं तो म्हणे, "चांगलंच बोलले, सर!" आता गणिताच्या मास्तरला 'चांगलंच' हे उत्तर कसं चालावं? प्रयोगशाळेला आपलं नाव देणार असतील, असं सरांनी मनाशी ठरवून टाकलं. ते वाक्य एकदा कानांनी ऐकायचं आणि सोयऱ्याधायऱ्यांना ऐकवायचं, एवढी एकच इच्छा आता राहिली होती.

वाक्य कॅमेऱ्यात होतं. पण घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावला, तर चेअरमनांचा हात वर गेला तो वरच राहिला. सरांनी जळगावला कॉम्प्युटरवाल्या मोतीलालचं दुकान गाठलं.

"सर, कॅमेरा फोर-के आहे. तुमच्या जुन्या डब्याला तो झेपणार नाही. घेताना कुणाला विचारलं नव्हतं का?"

"तुलाच विचारलं होतं. तुझ्याकडूनच घेतलाय!"

"हां, मग कॅमेरा चांगलाच आहे," मोतीलाल म्हणाला. "रॅम वाढवा."

रॅम वाढवली. हात थोडा खाली आला. मग ग्राफिक्स कार्ड घेतलं, तर ते डब्यात मावेना. डबा बदलला, तर त्याला वीज पुरेना. शेवटी जुन्या कॉम्प्युटरचा फक्त माउस शिल्लक राहिला, आणि मोतीलालने तोही बदलायचा सल्ला दिला.

मग ती 'कुईं' काढून टाकायला सॉफ्टवेअरची पाळी आली. फुकटचं घेतलं, तर ते बरोबर चेअरमनांच्या तोंडावर कंपनीचं नाव छापायचं. विकतचं बघायला गेले, तर ते विकत मिळतच नव्हतं.

"भाड्याने घ्यायचं, सर. महिन्याच्या महिन्याला," मोतीलालने समजावलं.

"आणि भाडं थकलं तर?"

"तर बंद पडतं."

सर दिवसभर मोबाईलवर 'नमस्कार दोस्तो' म्हणणाऱ्या पोरांचे व्हिडिओ बघत बसू लागले. एक जण म्हणे हेच घ्या, दुसरा म्हणे हे घ्याल तर पस्तावाल. जन्मभर पोरांना एकच बरोबर उत्तर शिकवलेल्या माणसाची ही शोभाच होती. शेवटी त्यांनी जे निवडलं, त्यात एक बटण होतं. दाबलं की गोंगाट गाळून माणसाचा आवाज तेवढा वर काढतं. सरांना आणखी काय हवं होतं?

मशीनला धड वीज मिळे ती फक्त स्वयंपाकघरातल्या प्लगवर. म्हणून टेबल तिथे आलं. सरांच्या बायकोचे, बेबाबाईंचे, पापडाचे डबे माळ्यावर गेले, आणि मशीन चालू असताना मिक्सर लावला की फ्यूज उडतो, म्हणून मिक्सरही बंद झाला.

"आते मिरची वाटू का नको?" बेबाबाई विचारायच्या.

"थांब जरा. एक्सपोर्ट चालू शे."

"काय चालू शे?"

"एक्सपोर्ट!"

"मंग आज तेच पोटमा टाका," म्हणत बेबाबाई पाटा-वरवंटा ओढायच्या. गुडघे दुखतात असं त्या बोलल्या नाहीत आणि सरांनी विचारलं नाही.

अखेर एका रविवारी सरांनी भरीत-पुरीचा बेत आखला. शाळेतली जुनी मंडळी बोलावली, समारंभाला आलेली मेहुणी कोकिळा शिंदखेड्याहून पुन्हा आली. आवाज आधी ऐकून बघायचा होता, पण मशीन सारखं अडकत होतं. शुद्ध झालेला आवाज एक्सपोर्ट होऊन तयार झालेल्या फाईलमध्येच ऐकू येणार होता. त्यात लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि पाहुणे चपला काढत असताना फाईल तयार झाली. सरांनी ती तशीच टीव्हीला लावली.

"आता ऐका," सर म्हणाले.

'कुईं' खरंच गायब झाली होती. चेअरमनांनी हात वर केला. "आणि सर्वांना विनंती, चहा-नाश्त्याची सोय या बाजूला केलेली आहे!"

टीव्हीतल्या टाळ्या आणि खोलीतलं हसू एकदमच फुटलं. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते रिमोट शोधू लागले, पण रिमोट कुणाच्या तरी मांडीखाली गेला होता. सॉफ्टवेअर मात्र इमानदार निघालं. त्याने क्षणात टाळ्या गाळल्या आणि कॅमेऱ्याशेजारच्या खुर्च्यांवरची कुजबुज वर काढली.

"अक्का, आते भाऊजी पुरा दिन घर राहतीन. मजा शे तुन्ही!" हा कोकिळाचा आवाज होता.

"कसानी मजा?" हा बेबाबाईंचा. "इतला वरीस सकाय दहा ते पाच हाई घर मन्हं व्हतं, कोकिळा. आते ते बी गयं."

बेबाबाई पुऱ्यांचं ताट घेऊन दारातच उभ्या होत्या. कोकिळा पदराशी चाळा करत राहिली. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून चित्रकलेचे चुडामण सर बोलले, "सर, क्वालिटी मात्र एक नंबर हं."

"पुऱ्या थंड व्हई राह्यन्यात," बेबाबाई म्हणाल्या आणि वाढायला लागल्या. सरांच्या ताटात त्यांनी पुरी जरा अलगदच ठेवली.

सरांना त्या दिवशी भरीत गेलं नाही. इतकी वर्षं ते टाळ्यांची वाट बघत होते आणि घरात कुणीतरी त्यांच्या जाण्याची वाट बघत होतं, हे त्यांना फार लागलं. पण चिडावं तरी कशावर? बाई खोटं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल उचलून पडवीत नेऊन टाकलं आणि मिक्सर होता तिथे लावून दिला. मग दाढी केली, शर्ट खोचला, आणि दहाच्या आधी काखेत पिशवी मारून निघाले. शाळेचा रस्ता सोडला तर कुठे जायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

कुठे निघालात, असं बेबाबाईंनी विचारलं नाही. डबा मात्र भरून दिला.