बोर्ड वाचणारे बसाप्पा

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात, भर पंगतीत, बसाप्पांनी नवरदेवाच्या मामाला विचारलं, "पावणं, तुमी ट्रिपल शीट न्हवं?"

मामांचा जिलबीचा हात तोंडापाशीच थांबला. बसाप्पांनी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात खुलासा केला. "न्हाय, गेल्या आठवड्यात कोर्टाच्या बोर्डावर तुमचं नाव वाचलं हुतं की. निकाल काय लागला? आणि मागं बसलेली दोघं कोण हुती?"

मागं कोण होती हे मामींनाही ठाऊक नसावं. त्या पान सोडून मामांकडं बघायला लागल्या. पुढं काय झालं ते मला माहीत नाही, पण त्या सोयऱ्यांनी नंतर आमच्या घरी येताना, "ते बसाप्पा असतील काय?" असं आधी विचारून घ्यायला सुरुवात केली.

बसाप्पा आमचे शेजारी. भिंतीला भिंत लागून. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत त्यांचं धान्याचं दुकान होतं. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, काखेत छत्री आणि आवाज असा, की दुकानात ज्वारीचा भाव सांगितला तर रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक मान हलवायचं. बायको वारलेली. घरात एकटेच. माणूस सज्जन, मापाला चोख. फक्त एक खोड होती. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते कोर्टात जायचे आणि बोर्ड वाचायचे.

बोर्ड म्हणजे आज कुणाकुणाचे खटले चालणार त्याची यादी. कोर्टाच्या व्हरांड्यात काचेआड लावलेली असते. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. वाहतुकीचा खटला आपल्यावर आहे की नाही हे घरबसल्या कळायची काही सोय नव्हती. त्या काचेवर बोट ठेवून बसाप्पा वरपासून खालपर्यंत नावं वाचायचे. खून, मारामारी, बांधाची भांडणं यात त्यांना काडीचा रस नव्हता. सिग्नल तोडला, लायसन नव्हतं, एकेरी रस्त्यात गाडी घातली, असली किरकोळ प्रकरणं ते डोळ्यांत तेल घालून वाचायचे आणि शंका आली की कारकुनाला जाऊन विचारायचे. गुरुवारी बाजाराच्या निमित्तानं पेठ वडगावला जायचे, ते तिथला बोर्ड वाचायला. पौर्णिमेला आम्ही सगळे नृसिंहवाडीला निघालो, की हे जयसिंगपुरातच एस.टी.तून उतरायचे. "तुमी व्हा फुडं. मी जरा कोर्टात जाऊन येतो."

"आप्पा, दत्ताच्या दर्शनाला चाललोय आपण," माझी आई म्हणायची.

"दत्त कुठं पळून जातोय? बोर्ड सांजच्याला काढत्यात."

दुकानापुढं गिऱ्हाईकं ताटकळायची. कुणी त्यांना बोर्डआप्पा म्हणायचं, कुणी बिनसनदेचा वकील. सुरुवातीला हसणारे लोक पुढं बिचकायला लागले. कारण चुकून पोलिसानं अडवलं, की चार दिवसांनी बसाप्पा रस्त्यात गाठून विचारणार हे ठरलेलं. "व्हय रे, तुझं नाव लागलंय की!"

एका सकाळी माझंच नाव लागलं.

पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून माझी निवड झाली होती. नेमणुकीचा कागद यायचा बाकी होता आणि त्याआधी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला जायचा होता. म्हणून दारात हवालदार दिसला तेव्हा आईला वाटलं, चौकशीला आले. ती चहा टाकायला आत वळली, तर हवालदार म्हणाले, "सुरेश दत्तात्रय पाटील कोण? वॉरंट हाय."

चहाचं भांडं आईच्या हातातून खाली पडलं.

"समन्स दोनदा लावलं. हजर झाला न्हाईसा. उद्या कोर्टात या. जामीनदार घेऊन या. न्हाय आला तर मला उचलून न्यायला लागंल, मग मला बोल लावू नगा."

"पण कसला खटला?"

"मोटरसायकल. बिनलायसन. एकेरी रस्त्यात."

समन्स आमच्या हाती कधी पडलंच नव्हतं आणि माझ्याकडं मोटरसायकलही नव्हती. सायकल होती आणि तिची चेन आठवड्यातून दोनदा पडायची. मी म्हटलं, कोल्हापुरात सुरेश पाटील शेकड्यानं सापडतील, दुसरा कुणीतरी असेल. हवालदारांनी कागद पुढं केला. बापाचं नाव आमचं, गल्ली आमची, घर आमचं. वडील खाटेवर बसले ते उठेनातच. "नोकरी गेली," एवढंच म्हणत राहिले.

भिंतीपलीकडून आवाज आला, "आलोच!" आणि मागोमाग बसाप्पा आले. त्यांनी वॉरंट दोनदा वाचलं. मग माझ्याकडं असं बघितलं, की मी क्षणभर स्वतःवरच संशय घेतला.

"सुरेश पाटील बोर्डावर दोनदा वाचलं हुतं, म्हटलं दुसरा कोण आसंल. सुऱ्या, खरं सांग. गाडी कुणाची?"

"आप्पा, आईशपथ, मला गाडी चालवताच येत नाही."

"मग रडतोस कशाला? मूळ कागूद बगितल्याबिगर कोर्टात तोंड उघडायचं न्हाय. उद्या मी येतो संगं."

त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोर्टाच्या आवारात शिरलो. आजवर ज्यांना हसलो त्यांच्या मागं मी शेपूट धरल्यासारखा चाललो होतो. बसाप्पा मात्र माहेरी आल्यासारखे. पट्टेवाल्यानं त्यांना नमस्कार केला. एक वकील म्हणाला, "काय आप्पा, आज संगं पाहुणा?" बोर्डावर माझं नाव मधोमध होतं. म्हणजे पुकारा व्हायला फार वेळ नव्हता.

कारकुनानं आधी कुरकुर केली, पण बसाप्पांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही. त्यानं फाईल काढली आणि टेबलावर आमच्याकडं फिरवली. बसाप्पा नेहमीसारखं बोट ठेवून वाचायला लागले. नाव. पत्ता. कलम. खाली माझ्या नावाची सही होती. माझी सही नव्हती, पण कुणीतरी माझं नाव शांतपणे, पूर्ण लिहिलं होतं. मी काही बोलणार एवढ्यात त्यांचं बोट गाडीच्या नंबरावर गेलं आणि तिथंच राहिलं.

"आप्पा?"

त्यांनी तो नंबर पहिल्या आकड्यापासून पुन्हा वाचला.

"आप्पा, काय झालं?"

"कवाची हाय ही केस?" त्यांनी कारकुनाला विचारलं. मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मागच्या मे महिन्यातली."

"म्हंजे मे म्हैन्यात हुता," ते स्वतःशीच म्हणाले. "गाडीवर बसण्याइतका धड हुता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नंबर शिवाच्या गाडीचा होता आणि पोलिसाला त्यानं माझं नाव सांगितलं होतं.

शिवा म्हणजे बसाप्पांचा एकुलता एक मुलगा. माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला. आई गेल्यावर तो उडाणटप्पू झाला. कुठल्याशा गॅरेजात राबून त्यानं एक जुनी मोटरसायकल मिळवली आणि ती गावभर उडवायला लागला. एकदा बिंदू चौकात पोलिसांनी धरला. बसाप्पा सोडवायला गेले आणि सगळ्या चौकासमोर त्यांनी त्याच्या मुस्काटात मारली. "माज्या दारात पुन्ना पाय ठेवू नगंस," म्हणाले. शिवानं गाडीला किक मारली आणि गेला, तो गेलाच. पाहुण्यारावळ्यांकडं शोध झाला. पोलीस म्हणाले, जाणतं पोरगं हाय, येईल आपसूक. पुढं गल्लीनं त्याचं नाव घेणं सोडलं, कारण बसाप्पांसमोर ते घेतलं की ते विषय बदलून बोर्डावरची नावं सांगायला लागायचे. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

कारकून फाईल बांधत म्हणाला, "हे बघा, गुन्हा कबूल केला तर किरकोळ दंड होऊन पाच मिनिटांत मोकळे व्हाल. नाकबूल केलात तर तारखा पडत राहणार. आणि गाडीवर कोण होता ते सांगितलंत, तर त्याच्यावर खोटं नाव दिल्याचाही गुन्हा चढेल. काय ते ठरवा."

कबूल केलं तर माझ्या दाखल्यावर शेरा पडणार. नाकबूल केलं तर नेमणूक लटकणार. खरं सांगितलं तर शिवा अडकणार. मी बसाप्पांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी माझ्याकडं काहीही मागितलं नाही. हात जोडले असते तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात पुकारा झाला. "सुरेश दत्तात्रय पाटील!"

कोर्टात मॅजिस्ट्रेट बाई होत्या. मी पिंजऱ्यात उभा राहिलो.

"विनापरवाना वाहन चालवलं, एकेरी मार्गात उलट दिशेनं आलात. गुन्हा कबूल आहे?"

मला शिवा दिसत होता, शाळेच्या पायरीवर बसून माझ्या डब्यातली चटणी खाणारा. मला खाटेवर बसलेले वडीलही दिसत होते. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो हे आजही मला सांगता येणार नाही.

"न्हाय!" मागून तो लक्ष्मीपुरीतला आवाज आला. "त्यो न्हवं, बाईसाहेब!"

पट्टेवाला "शांत बसा, शांत बसा" म्हणत धावला. बसाप्पा त्याला बाजूला सारून पुढं आले. छत्री काखेतून घसरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"गाडी ज्याची हाय त्येचा बाप. ह्या पोरानं काय केल्यालं न्हाय. ह्येला सायकल धड येत न्हाय."

कोर्टात कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

"मग तुमचा मुलगा कुठं आहे?"

"त्येच बगायला रोज तुमच्या दारात येतोय की, बाईसाहेब." त्यांनी कठड्याला धरलं. "पोरगं सरळ गाडी चालवणाऱ्यातलं न्हाय. म्हटलं, कवा ना कवा कुठंतरी घावंल. बोर्डावर नाव लागंल. नाव लागलं म्हंजे जित्ता हाय एवढं तरी कळंल."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

खटला भरणारा वाहतूक पोलीस दुसऱ्या कामासाठी तिथंच आला होता. बाईंनी त्याला बोलावून माझा चेहरा बघायला सांगितलं. त्यानं मला खालून वरून न्याहाळलं.

"हे न्हवंत, मॅडम. तो उंच होता. हनुवटीवर वण होता, हिकडं."

"विटी लागल्याली," बसाप्पा म्हणाले. "पाचवीत हुता."

बाईंनी माझी सही घेऊन फाईलीतल्या सहीशी ताडून बघितली. माझं वॉरंट रद्द झालं. खऱ्या इसमाचा शोध घेऊन त्याला हजर करा, असा हुकूम त्यांनी पोलिसांना दिला. बसाप्पांनी शिवाचं पूर्ण नाव, उंची, रंग सगळं सांगितलं. वणाबद्दल पुन्हा एकदा सांगितलं.

बाहेर आल्यावर तो मघाचा वकील म्हणाला, "आप्पा, काय केलंसा हे? पोटच्या पोरावर पोलीस सोडलासा?"

"सोडलं की!" बसाप्पांचा आवाज पहिल्यासारखा झाला होता. "आजपत्तूर मी एकटाच हुडकत हुतो. आता सरकार बी हुडकंल."

माझा दाखला स्वच्छ गेला आणि मी नोकरीला लागलो. इकडं बसाप्पा रोज पोलीस चौकीत जाऊन "आमचं वॉरंट कुठवर आलं?" असं विचारायला लागले. मुलीच्या स्थळाची चौकशी करावी तसं. चौकीतले लोक इतके वैतागले, की केवळ बसाप्पांपासून सुटका व्हावी म्हणून त्यांनी शिवाला शोधला असावा. तो गगनबावड्याच्या रस्त्यावर एका गॅरेजात सापडला.

त्याला हजर केलं त्या दिवशी मी रजा टाकून गेलो. शिवाला मी आधी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. दंड होऊन, ताकीद मिळून तो सुटला. मग आम्ही चौघं कोर्टासमोरच्या टपरीवर बसलो, बसाप्पा, शिवा, मी आणि त्याला घेऊन आलेला हवालदार. बापलेक एकमेकांकडं बघत नव्हते. बसाप्पा सगळा जीव हवालदारावर ओवाळत होते. मिसळ झाली, भजी झाली, दुसरा चहा झाला.

"आवो बास," हवालदार हात आडवा करत म्हणाला, "मी वॉरंट बजावलंय, सोयरीक न्हाय जमवली."

शिवा माझ्याकडं वळला. "सुऱ्या, माफ कर गड्या. त्या पोलिसानं नाव इचारलं आणि माझं सांगायचा धीर झाला न्हाय. दुसरं घरचं म्हणावं असं तुझंच आठवलं."

"आप्पांचं सांगायचंस की," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. "मग आप्पांस्नी कोर्टात यायला लागलं आसतं. ह्या वयात त्यांना कुठं कोर्टाची पायरी चढवायची? त्यांना न्हाय सोसायचं ते."

मी काहीतरी बोलणार होतो. बसाप्पांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी गप्प बसलो. मग पहिल्यांदाच ते पोराकडं वळले, आपल्या कपातला चहा बशीत ओतून त्याच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "बरं केलास. मला कुठलं जमतंय ते कोर्टातलं."