सहा बदकांची हजेरी

चाकणजवळच्या एका कंपनीत, गेट क्रमांक दोनच्या कुंपणालगत, मंगळवारी सकाळी रानबदकाची सहा अंडी फुटली. पिल्लांची आई आदल्याच दिवशी कुत्र्यांच्या तावडीत सापडली होती. त्यामुळे पिल्लांनी जगात आल्यावर पहिल्यांदा पाहिलं ते लातूरकडच्या सिक्युरिटी गार्ड जयमालाबाईंना, आणि निसर्गनियमानुसार त्यांनाच आई मानलं.

जयमालाबाई हजेरी लावायला टाइम ऑफिसकडे निघाल्या. मागोमाग सहा पिल्लं, एका ओळीत, चालण्यासाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या आतून. कंपनीत एवढी शिस्त आजवर कुणी पाहिली नव्हती.

एचआर मॅनेजर दिग्विजय साहेबांनी वाट अडवली. "पासशिवाय आत कशी आली?"

"मी काय करू साहेब? मला आई समजायलीत."

"समजू देत. पण पास?"

व्हिजिटर पास तीनच दिवस चालतो. चौथ्या दिवशी नाइलाजाने पिल्लांची ट्रेनी म्हणून नोंद झाली. ओघानेच सेफ्टीचं प्रशिक्षण आलं. व्हिडिओसमोर ती तासभर बसली, कारण जयमालाबाई बसल्या होत्या. महिनाअखेरीस हजेरी शंभर टक्के भरली. नोटीस बोर्डावर सहाही जणांचा फोटो लागला, खाली ओळ : 'यांच्याकडून शिका.'

जयमालाबाईंना मात्र घोर लागला. पिल्लं पाण्यात जाईनात. आवारातल्या तळ्याकाठी सोडली तरी बाईंच्या पायांशीच बसून राहायची.

"साहेब, अर्धा दिवस सुट्टी द्या. ह्यांना पोहायला शिकवावं म्हणते."

"तुम्हाला येतं पोहता?"

"नाही."

"मग? शिवाय तुमच्यासोबत सहा ट्रेनी गैरहजर लागतील."

जेवणाच्या सुट्टीत जयमालाबाई गणवेशासकट तळ्यात शिरल्या. पिल्लं काठावर घुटमळली, मग एकेक करून उतरली. कमरेएवढ्या पाण्यात बाई घाबरून थांबल्या. पिल्लं तिथून पुढे गेली. बाईंना रडू आवरेना. दुपारी मेमो मिळाला : गणवेश विनापरवानगी ओला करणे.

दोन महिन्यांनी पिल्लं उडून गेली.

"राजीनामा दिला?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. उडून गेली."

"मला न विचारता?"

साहेबांनी खिडकी उघडून आभाळाकडे पाहिलं. नोकरीत एकोणीस वर्षं झाली होती. आपल्याला उडता येतं का, हे त्यांनी अजून वरिष्ठांना विचारलं नव्हतं.

सोमवारच्या मिटिंगमध्ये त्यांनी हा किस्सा सांगितला. कुणी हसलं नाही. मग प्लांट हेड किंचित हसले, आणि अकराच्या अकरा अधिकारी पोट धरून हसू लागले.

तुम्हालाही हसू येत असेल, तर घाई करू नका. आधी तुमचे साहेब हसलेत का, तेवढं बघून घ्या.